वरणाची वाटी आणि अकबर महोमेद



बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त असं की गेल्या काही महिन्यांत घरातल्या तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आत्याचा प्रश्न सरळ होता, "अगं, युरिक ॲसिड वाढलं की बीपी वाढतं का?" काकांचा नेमका उलटा, "बीपीच्या गोळीनं युरिक ॲसिड वाढतं म्हणे, खरं का?" आणि मामेभावाचा खास त्याच्या स्वभावाला साजेसा, "आमच्याकडे वरण बंद झालंय. हे कुणी शोधून काढलं ते सांग, त्याला भेटायचंय!"

मी डॉक्टर नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जुनं उकरून वाचत बसायची खोड आहे हेही ठाऊक आहे. मग बसले वाचत. आणि वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न चांगला दीडशे वर्षांचा आहे, आणि तो मांडणाऱ्यांत पाटण्याच्या एका माणसाचा नातू आहे. हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी थोडी पूर्वपीठिका. पायाचा अंगठा रात्रीतून सुजून लालबुंद होणं, चादरीचा स्पर्शही सहन न होणं, हे दुखणं फार जुनं. इंग्रजीत गाउट. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्तावर अख्खा अध्याय आहे, आणि त्यात या रोगाचं एक नाव 'आढ्यवात' असं दिलंय. आढ्य म्हणजे श्रीमंत, खाऊनपिऊन सुखी. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रॅटिसच्या सूत्रांत म्हटलंय की बाईला पाळी जाईपर्यंत हा रोग होत नाही. (हे आजही बरंचसं खरं आहे. पाळी चालू असताना बायकांच्या मूत्रपिंडातून युरिक ॲसिड जास्त बाहेर टाकलं जातं.) म्हणजे कुणाला होतो हे लोकांना नीट दिसत होतं. का होतो याचा मात्र पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो तुकड्यातुकड्यांनी. १७७६ मध्ये स्वीडनच्या कार्ल शीले या औषधविक्रेत्याने मूतखड्यातून एक नवं आम्ल वेगळं काढलं. १७९७ मध्ये इंग्लंडच्या वोलास्टनने गाउटच्या गाठीतल्या पांढऱ्या चुऱ्यात तेच सापडल्याचं दाखवलं. आणि मग आला आल्फ्रेड गॅरड. याचा प्रयोग मला इतका आवडला की काय सांगू! रुग्णाच्या रक्तातलं वरचं पाणी एका उथळ काचेच्या बशीत घ्यायचं, त्यात थोडं ॲसिटिक ॲसिड घालायचं, आणि एक साधा सुती-लिननचा दोरा त्यात सोडून दीड-दोन दिवस ठेवून द्यायचं. गाउटवाल्याचं रक्त असेल तर दोऱ्यावर बारीक खडे धरतात. आपल्याकडे पाकात दोरा सोडून खडीसाखर करतात ना, अगदी तसं! १८५४ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. माणसाच्या रक्तातला एखादा पदार्थ मोजून आजार ओळखण्याच्या अगदी सुरुवातीच्या तपासण्यांपैकी ही एक. आज आपण सकाळी उपाशीपोटी जाऊन दंडातून रक्त देतो, त्याची ही खापरपणजी.

गॅरडने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली. त्याच्या इस्पितळातल्या गाउटच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा शिशाच्या संपर्कात आलेला होता. नळकाम करणारे, रंगारी वगैरे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपला पाटणेकर.

शेख दीन महोमेद, जन्म पाटणा, १७५९. पोरवयात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत लागला, तिथल्या एका साहेबाबरोबर १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, तिथल्याच एका मुलीशी पळून जाऊन लग्न केलं, आणि १७९४ मध्ये स्वतःच्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. भारतीयाने इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक मानतात. १८१० मध्ये लंडनमध्ये 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं, ते बुडालं. मग समुद्रकाठच्या ब्रायटनला जाऊन त्याने वाफेच्या स्नानाचा आणि मालिशचा धंदा काढला आणि तो असा काही चालला की विचारू नका. 'शॅम्पू' हा शब्द इंग्रजीत रुळवण्यात त्याचा मोठा हात. मूळ आपली चंपी! चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो अधिकृत 'शॅम्पूइंग सर्जन' होता. यातला चौथा जॉर्ज गाउटने हैराण झालेला होता, आणि महोमेदने आपल्या उपचारांवर जे पुस्तक लिहिलं त्यात सांधेदुखीबरोबर गाउटचाही समावेश आहे. म्हणजे आजोबांचा या दुखण्याशी संबंध हाताने चोळण्याचा. नातवाचा डोक्याने.

नातू फ्रेडरिक अकबर महोमेद, जन्म १८४९, ब्रायटन. वडील तिथे मुष्टियुद्ध, तलवारबाजी आणि व्यायामाचे वर्ग चालवत. हा मुलगा १८६९ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये शिकायला आला. त्या काळी रक्तदाब मोजायचा पट्टाच नव्हता (तो इटलीत रिवा-रोचीने आणला १८९६ मध्ये, आणि त्यातले ठोके स्टेथोस्कोपने ऐकायची युक्ती रशियाच्या कोरोत्कोफची, १९०५ ची). होतं ते फ्रान्सच्या मारेने १८६० मध्ये केलेलं एक यंत्र. मनगटाच्या नाडीवर स्प्रिंग टेकवायची, नाडी उडाली की तरफ हलते आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटते. अकबरने विद्यार्थी असतानाच त्यात सुधारणा केली. स्प्रिंग नाडीवर किती जोराने दाबली आहे हे मोजता येईल अशी सोय केली. मग तो जो दिसेल त्याची नाडी उतरवत सुटला.

त्याच्या आधी याच गाइज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइटने मूत्रपिंडाच्या रोगाचं वर्णन केलेलं होतं, आणि त्या रोग्यांचं हृदय मोठं झालेलं असतं हेही सांगितलेलं होतं. सगळे धरून चालले होते की आधी मूत्रपिंड बिघडतं, मग बाकीचं. अकबर महोमेद तापाच्या इस्पितळात स्कार्लेट फीव्हरच्या पोरांच्या नाड्या उतरवत असताना त्याला दिसलं की लघवीत प्रथिन उतरायच्या आधीच नाडीचा ताण वाढतो. आधी! म्हणजे क्रम उलटा असू शकतो. १८७४ मध्ये त्याने हे मांडलं. पुढे १८७९ पर्यंत तो आणखी पुढे गेला होता. वरकरणी ठणठणीत दिसणाऱ्या, मूत्रपिंडं शाबूत असलेल्या माणसांतही नाडीचा ताण कायम वाढलेला असतो, आणि वर्षानुवर्षं तसाच राहून तोच शेवटी हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांचा घात करतो, असं त्याने लिहिलं. आज ज्याला आपण सहज "बीपी आहे" म्हणतो त्या आजाराचं हे पहिलं स्पष्ट वर्णन म्हणायला हरकत नाही.

आणि हा ताण वाढतो कशाने? त्याचा संशय रक्तातल्या विषांवर. दारू, शिसं, आणि गाउटच्या घराण्यातल्या माणसांच्या रक्तात साचणारं ते, म्हणजे युरिक ॲसिड. आत्याचा प्रश्न इथे जन्मला.

नोव्हेंबर १८८४ मध्ये टायफॉइडने तो गेला. वय ३५. रोगाला ब्राइटचं नाव राहिलं, आणि महोमेद हे नाव डॉक्टरांच्या पुस्तकांतून जवळजवळ पुसलं गेलं. ब्रायटनच्या मालिशवाल्याचं नाव मात्र आजही माहितीफलकांवर आहे. मला याचं वाईट वाटतं, खरंच.

यानंतरचा माणूस अगदी वेगळ्या जातीचा. अलेक्झांडर हेग, लंडनचाच डॉक्टर. याला अर्धशिशीचा भयंकर त्रास. १८८२ च्या सुमारास त्याने मांस सोडलं आणि डोकेदुखी कमी झाली. इथपर्यंत ठीक. मग त्याने स्वतःची लघवी मोजायला सुरुवात केली, आणि डोकं दुखतं तेव्हा युरिक ॲसिड जास्त जातं, नाडीचा ताणही वाढतो, असं त्याला दिसलं. झालं! १८९२ मध्ये जाडजूड पुस्तक आलं. अर्धशिशी, उदासी, फिट्स, संधिवात, मधुमेह आणि अर्थात वाढलेला रक्तदाब, सगळ्यांच्या मुळाशी युरिक ॲसिड, ते बारीक रक्तवाहिन्या तुंबवतं, असा सिद्धांत. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. युरिक ॲसिड नसलेला आहार म्हणून त्याने काय काय बंद करायला सांगितलं ठाऊक आहे? मांस, मासे, चहा, कॉफी... आणि डाळी-कडधान्यं!

मामेभाऊ, हा घे तुझा माणूस. १९२४ मध्येच वारला, त्यामुळे भेट अवघड आहे. :)

आता हे हेगसाहेब आपल्याकडे कसे पोचले, तर दक्षिण आफ्रिकेमार्गे. गांधीजींनी आरोग्यावर जी लेखमाला १९१३ मध्ये 'इंडियन ओपिनियन'मध्ये लिहिली (पुढे ती अनेक भाषांत पुस्तकरूपाने आली), त्यात डाळींविरुद्ध बोलताना त्यांनी या डॉक्टर हेगचाच हवाला दिलाय, की डाळींमुळे अंगात एक प्रकारचं आम्ल तयार होतं आणि त्यातून रोग होतात. आत्मकथेतला तो प्रसंगही आठवत असेल. कस्तुरबा आजारी, गांधीजी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला सांगतात, त्या वैतागून म्हणतात की तुम्हाला तरी सोडता येईल का, आणि हे तत्काळ वर्षभरासाठी दोन्ही सोडून मोकळे! वर्ष उलटल्यावरही त्यांनी तो प्रयोग दक्षिण आफ्रिकेत चालूच ठेवला. कस्तुरबांची मात्र मला दया येते.

हेगचा डोलारा कोसळला तो मोजमापामुळे. त्याची लघवी मोजायची पद्धतच भरवशाची नव्हती, इतरांना त्याचे आकडे मिळेनात. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत फोलिन आणि डेनिस यांनी रंगावरून रक्तातलं युरिक ॲसिड मोजायची चांगली पद्धत काढली, आणि हेगच्या यादीतले रोग एकेक करून गळून पडले. पण माणसं कशी असतात बघा. एकाने अतिरेक केला म्हणून सगळा विषयच टाकून दिला. हेगबरोबर महोमेदचा संशयही अडगळीत गेला, तो चांगला पन्नासेक वर्षं.

तो पुन्हा वर आला याला कारण एक गोळी. १९५८ मध्ये थायझाइड जातीची लघवी वाढवणारी औषधं रक्तदाबासाठी वापरात आली. स्वस्त, परिणामकारक, आजही भरपूर दिली जातात. ही गोळी मीठ-पाणी बाहेर काढते पण युरिक ॲसिडला मूत्रपिंडात अडवून धरते. म्हणजे काका, तुमचं बरोबर आहे. (उलट लोसार्टान ही रक्तदाबाचीच गोळी युरिक ॲसिड थोडं कमी करते. पण म्हणून स्वतःच्या मनाने बदलू नका हं, डॉक्टरांना विचारा.) मग डॉक्टरांनी गोळी सुरू व्हायच्या आधीचीही रक्तं तपासली, आणि १९६६ मध्ये असं पुढे आलं की औषध न घेतलेल्या बीपीच्या रुग्णांतही पाव हिस्सा लोकांचं युरिक ॲसिड वाढलेलंच असतं.

पण आता खरी गोम इथे आहे. दोन गोष्टी एकत्र दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडाला दमवतो, दमलेलं मूत्रपिंड युरिक ॲसिड कमी बाहेर टाकतं, म्हणजे बीपीमुळेच ते वाढलं असेल. किंवा दोघांमागे तिसराच कुणी असेल. गॅरडचे ते रंगारी आठवतात? शिसं गाउटही आणतं, मूत्रपिंडही बिघडवतं आणि रक्तदाबही वाढवतं. त्या रंगाऱ्यांच्या रक्तात युरिक ॲसिड सापडलं म्हणून त्याला आरोपी करणं म्हणजे चोरीच्या जागी उभ्या असलेल्या बघ्याला पकडण्यासारखं. लठ्ठपणाचंही तेच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास चालू आहे, तिथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये बाकीचे घटक वजा करून पाहिले आणि हृदयविकाराच्या बाबतीत युरिक ॲसिडला जवळजवळ निर्दोष सोडलं.

आणि दोनच वर्षांत, २००१ मध्ये, खटला पुन्हा उभा राहिला! यावेळी उंदरांमुळे.

इथे जरा पाली-माकडांकडे वळू. पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो, पाहिलाय ना? ते युरिक ॲसिड. पक्ष्यांच्या विष्ठेतलं पांढरंही तेच. पाणी वाचवायची त्यांची ती युक्ती. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये मात्र युरिकेज नावाचं विकर असतं, ते युरिक ॲसिडचा पुढे निचरा करतं. माणूस आणि आपली बिनशेपटीची भावंडं, म्हणजे चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, यांच्यात हे विकर तयार करणारं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वीच बंद पडलं. म्हणून आपल्या रक्तात ते उंदरापेक्षा कितीतरी जास्त, आणि ६.८ मिलीग्रॅमच्या (एक डेसिलिटर रक्तात) पुढे गेलं की खडे धरायची शक्यता. रिचर्ड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना असं औषध दिलं की त्यांचं युरिकेज बंद पडावं. युरिक ॲसिड चढलं, आणि काही आठवड्यांत उंदरांचा रक्तदाबही चढला. युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल सोबत दिलं तर चढला नाही. मूत्रपिंडातल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड झाल्या होत्या, रेनिन वाढलं होतं, वाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड घटलं होतं. आणि या धमन्या एकदा कडक झाल्या की मग युरिक ॲसिड उतरवूनही उपयोग नाही, तिथून पुढे मिठाने दाब चढतो, असंही त्यांचं म्हणणं.

(विषयांतर, पण सांगतेच. ॲलोप्युरिनॉल गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाचा प्रभाव वाढावा म्हणून बनवलं होतं. गाउटवर ते लागू पडलं, १९६६ पासून वापरात आहे. दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. एलियनबाईंनी पीएचडी केलेली नव्हती.)

उंदरांचं माणसात उतरेल का? ह्यूस्टनचे बालरोगतज्ज्ञ डॅनियल फाइग यांनी ११ ते १७ वर्षांची, नव्यानेच रक्तदाब सापडलेली, युरिक ॲसिड ६ च्या वर असलेली ३० मुलं घेतली. चार आठवडे ॲलोप्युरिनॉल, चार आठवडे नुसती साखरेची म्हणावी तशी खोटी गोळी, मधे थोडा खंड. २००८ मध्ये निकाल आला. औषधावर ३० पैकी २० मुलांचा दाब सामान्य झाला, खोट्या गोळीवर फक्त एकाचा. मी हा आकडा दोनदा वाचला. महोमेद जिवंत असता तर नाचला असता असं वाटून गेलं.

पण तीसच मुलं. त्यानंतरचे निकाल जरा हिरमोड करणारे आहेत. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी एक हुशार वाट शोधली. काही लोकांत जन्मतःच असं जनुक असतं की त्यांचं युरिक ॲसिड आयुष्यभर थोडं जास्त राहतं. तेच कारण असेल तर या लोकांत बीपीही जास्त दिसायला हवं. फारसं दिसलं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतच १८ ते ४० वयाच्या ९९ जणांवर चाचणी झाली. युरिक ॲसिड उतरलं, रक्तवाहिन्या किंचित सुधारल्या, रक्तदाब जागचा हलला नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये हृदयविकार असलेल्या, साठीपुढच्या पाच हजारांहून अधिक लोकांना ॲलोप्युरिनॉल देऊन पाहिलं. हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांत काहीच फरक नाही. म्हणून आज नुसता आकडा वाढलाय, गाउट नाही, खडे नाहीत, तर त्यासाठी गोळी सुरू करू नये असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. ते औषध सोपंही नाही, काही लोकांना त्याची अंगावर कातडी सोलवटणारी जीवघेणी ॲलर्जी येते.

राहता राहिलं वरण. २००४ मध्ये ह्योन चोई आणि सहकाऱ्यांनी हजारो पुरुषांचा बारा वर्षांचा आहार तपासून सांगितलं की मांस आणि मासे-कोळंबीने गाउटचा धोका वाढतो, पण डाळी, मटार, पालक, मशरूम असल्या प्युरिनवाल्या भाज्यांनी वाढत नाही. दूध-दह्याने तर कमी होतो. दारूने, विशेषतः बियरने, वाढतो. गोड शीतपेयांनीही वाढतो, कारण त्यातलं फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. हे सगळं छापून आलेलं असताना मराठी घरात आकडा सात दिसला की पहिली गदा येते तुरीच्या डाळीवर, आणि दुपारच्या थंड बाटलीकडे कुणी बघतही नाही! आमच्या काकांचं वय ७४, पूर्ण शाकाहारी, दात कमी. त्यांच्या ताटातून वरण, उसळ, पिठलं काढलं तर उरतं काय? भात आणि बटाटा. कुणीतरी छापील कागदावर 'डाळी टाळा' लिहून दिलं आणि दोन महिन्यांत त्यांच्या पायातली ताकद गेली, जिना चढवेना. मला या सगळ्या प्रकरणात राग कशाचा आला असेल तर याचा. शंभर वर्षांपूर्वी मोजमापाच्या चुकीवर उभा राहिलेला, केव्हाच मोडीत निघालेला सल्ला, आणि म्हाताऱ्या माणसाची उपासमार. आता त्यांच्या डॉक्टरांशी बोलून वरण परत सुरू झालंय.

गांधीजींचं बीपी पुढे काय होतं, तर नोंदी आहेत. फेब्रुवारी १९४० मध्ये २२०/११०. डाळींच्या प्रयोगाशी याचा काही संबंध जोडायचा नाहीये मला, पण हेगसाहेबांचा सिद्धांत शब्दशः खरा असता तर इतक्या वर्षांच्या शाकाहारी माणसाचा आकडा असा दिसला नसता. त्या काळी परिणामकारक औषधही नव्हतं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जल वकिलांचा सर्पगंधेवरचा गाजलेला लेख आला तो १९४९ मध्ये, तेव्हा गांधीजी नव्हते.

तर आत्या, उत्तर असं आहे. मोठ्या माणसांत युरिक ॲसिड उतरवून बीपी उतरतं असं अजून दाखवता आलेलं नाही. कोवळ्या वयात, आजार नवा असताना, ते कारण असू शकतं असा पुरावा थोडा आहे, पण आहे. २०२१ च्या चाचणीतल्या बऱ्याच जणांचं युरिक ॲसिड मुळात फार वाढलेलंच नव्हतं, म्हणून जॉन्सनच्या बाजूचे लोक अजून हार मानायला तयार नाहीत. महोमेदनेही दोन टप्पे वेगळे काढले होते. आधी नुसता नाडीचा ताण, तेव्हा सगळं अजून परतवता येण्यासारखं असतं, आणि नंतर वाहिन्या आणि मूत्रपिंडं कायमची बदललेली. त्याच्याकडे पट्टा नव्हता, रक्ताची धड तपासणी नव्हती, काजळीच्या कागदावरची एक वेडीवाकडी रेघ होती.